तडकलेलं मडगार्ड फेकू नका: ऑफ-रोड गाडीचं प्लॅस्टिक घरच्या घरी कसं सांधायचं

पाणंदीत चाकाखाली उसाचं बुडखं आलं किंवा गगनबावड्याच्या बाजूला जांभ्याच्या दगडाला मडगार्ड घासलं, की 'कट्' असा बारीक आवाज येतो. गाडी धुताना बोल्टच्या भोकापासून निघालेली पांढरी रेघ दिसते. मग फेव्हिक्विक लागतं, ते आठ दिवसांत सुटतं. त्यावर एम-सील येतं, तेही खपलीसारखं निघतं. यात गोंदाचा दोष नाही. मडगार्डचं प्लॅस्टिक बहुतेक वेळा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा पीई (पॉलिथिलीन) असतं आणि त्याचा पृष्ठभाग मेणासारखा असल्यामुळे साधा गोंद त्याला धरतच नाही. ते वितळवून, त्याच जातीचं प्लॅस्टिक घालूनच जोडावं लागतं. पुढचं सगळं त्यासाठी. डर्ट बाइकचं मडगार्ड, एटीव्हीचं फेंडर, थार-जिम्नीसारख्या गाडीचं चाकावरचं काळं क्लॅडिंग किंवा बंपरचं टोक, सगळ्यांना रीत हीच.

१. सांधायचं की बदलायचं, हे आधी ठरवा

भागाची आतली, न दिसणारी कड बोटांनी वाकवा. वाकून परत आली तर काम होईल. बिस्किटासारखी मोडली तर उन्हाने प्लॅस्टिक मेलंय. त्यावर कितीही वेल्डिंग केलं तरी तडा सांध्याच्या शेजारून जाईल. एका भोकातून तीन-चार तडे फुटलेत किंवा तुकडा हरवलाय, तर नव्या भागाचा भाव विचारून घ्या. तुकडे सापडत असतील तर नखाएवढा कपचाही टाकू नका.

प्लॅस्टिकची पेट्रोल टाकी मात्र कधीही घरी सांधू नका. धुऊन, वाळवून, महिनाभर उन्हात ठेवली तरी नाही. प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं पेट्रोल उष्णता लागली की वाफ होऊन बाहेर येतं.

२. विमा आणि कागद

मोडतोड मोठी असेल आणि गाडीला सर्वसमावेशक विमा असेल, तर हात लावण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि कंपनीला कळवा. एकदा वेल्डिंग केलं की सर्व्हेअरला दाखवायला काही उरत नाही. आरसी, पॉलिसी, लायसन्स आणि क्लेम फॉर्म लागतात.

पण आधी हिशोब करा. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणजे निम्मे पैसे तुमचेच. वर सक्तीची वजावट असते: दुचाकीला १०० रुपये, १५०० सीसीपर्यंतच्या कारला १०००, त्यापुढे २०००. शिवाय नो क्लेम बोनस जातो. हा बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, पहिल्या बिनक्लेमच्या वर्षाला २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत चढतो. एका मडगार्डसाठी तो घालवणं परवडत नाही. झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कवच) घेतलं असेल तर घसाऱ्याचा प्रश्न नाही, बोनसचा मात्र राहतोच. आणि स्पर्धेत उतरून गाडी मोडली असेल तर साध्या पॉलिसीत क्लेम बसत नाही.

३. सामान

हार्डवेअरचं बहुतेक कोल्हापुरात लक्ष्मीपुरी-शाहूपुरीत मिळतं. काही अडलंच तर उद्यमनगर आहेच.

- तापमान कमी-जास्त करता येणारी हीट गन आणि तिला साधारण ५ मिमी तोंडाचा निमुळता नोझल. तापमानाचा आकडा नसलेली गन या कामाला घेऊ नका
- चपट्या टोकाची, तापमान बदलता येणारी ६० वॉटची सोल्डरिंग आयर्न
- ड्रिल, ३ मिमी आणि ६.५ मिमीचे बिट
- स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी. जुनी चहाची गाळणी चालते, चुंबक लावून बघा, जोरात चिकटली तर नको
- वेल्डिंग रॉड किंवा त्याच जातीच्या भंगार भागातून कापलेल्या ३ मिमी रुंद पट्ट्या
- क्लँप, ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, नवी ब्लेडं
- ८०, १२०, २४०, ४०० आणि ८०० नंबरचे पॉलिश पेपर
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, ॲसिटोन, पांढरी सुती फडकी
- चामड्याचे हातमोजे, चष्मा, आणि रसायनांच्या वाफेसाठीचा काडतूसवाला मास्क. साधा कापडी किंवा एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ नाही

रॉडवर पैसे घालण्याआधी गॅरेजमध्ये विचारा. तुमच्याच मॉडेलचं मोडकं मडगार्ड कोपऱ्यात पडलेलं असतं. त्याच्या पट्ट्या म्हणजे उत्तम रॉड, रंगासकट जुळणारा.

४. प्लॅस्टिकची जात ओळखा

सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात. भाग उलटा करून आतली बाजू टॉर्चने बघा. दोन टोकदार कंसांत इंग्रजी अक्षरं उमटवलेली असतात. नुसतं पीपी, किंवा पीपी अधिक ईपीडीएम (एक प्रकारचं रबर), म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. कारचे बंपर आणि क्लॅडिंग बहुधा हेच. एचडीपीई म्हणजे पॉलिथिलीन. एबीएस कडक आणि चकचकीत असतं, रस्त्यावरच्या बाइकच्या पॅनेलना तेच जास्त. पीए म्हणजे नायलॉन, त्यापुढे जीएफ ३० असेल तर त्यात ३० टक्के काचतंतू. जीएफवालं घरी करू नका. मजबुती तंतूंची असते, वेल्डमध्ये ते एका बाजूचे दुसऱ्या बाजूला जात नाहीत, आणि घासताना काचेची धूळ उडते ती वेगळीच.

शिक्का नसेल तर आतल्या कडेचा नखाएवढा तुकडा काढा आणि तीन चाचण्या करा.

पाणी: भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात तुकडा बुडवून सोडा. साबण नसेल तर बुडबुडे तुकड्याला उचलून धरतात आणि फसवतात. तरंगला तर पीपी किंवा पीई, बुडाला तर एबीएस किंवा दुसरं काही. पण टाल्क (दगडाची पूड) भरलेलं पीपीसुद्धा बुडतं. शिक्क्यात शेवटी टीडी २० दिसतं ते हेच. तेव्हा बुडालं म्हणजे एबीएस, असं लगेच धरू नका.

ॲसिटोन: आतल्या बाजूला एक थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा, काडीने खरवडा. चिकट झालं तर एबीएस. पीपी-पीईला काहीच होत नाही.

जाळणं: तुकडा पकडीत धरून, मोकळ्या हवेत. पीपी-पीई मेणबत्तीसारखं शांत जळतं, थेंब पडतात आणि विझवल्यावर मेणाचा वास येतो. एबीएसची ज्योत पिवळी, काजळीचे काळे धागे हवेत उडतात. डोळ्यांना झोंबणारा आंबट धूर आला तर ते पीव्हीसी असू शकतं. लगेच विझवा आणि लांब व्हा.

पीपी आणि पीई दोन्ही तरंगतात, दोन्ही मेणासारखी जळतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांचा निकाल लावायचा एकच खात्रीचा मार्ग. भागाच्या आतल्या बाजूला रॉडचा तुकडा वितळवून चिकटवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि पक्कडीने ओढा. स्वच्छ सालीसारखा निघाला तर जात चुकली. खालचं प्लॅस्टिक घेऊनच उखडला तर बरोबर. जात माहीत असली तरीही ही चाचणी करा, पाच मिनिटांचं काम आहे.

झिप टाय वितळवून तडा भरण्याची युक्ती बरेच जण सांगतात. झिप टाय नायलॉनचा असतो. पीपीच्या मडगार्डवर तो वरून घट्ट दिसतो, आतून धरलेला नसतो. पहिल्याच धक्क्याला अख्खी दोरी निघून हातात येते.

५. काढा आणि धुवा

भाग गाडीवर असताना वेल्डिंग करू नका. मागची बाजू मिळत नाही आणि हीट गनजवळ वायरिंग असतं, टाकी असते. बोल्ट काढताना कुठला लांब, कुठला आखूड, हे पुठ्ठ्यावर गाडीचा आकार काढून त्यातच टोचून ठेवा. लांब बोल्ट चुकीच्या जागी गेला तर आतल्या वायरला टेकतो. प्लॅस्टिकच्या क्लिपा पान्याने उपटू नका, मधली पिन आधी वर घ्या.

नंतर साबण आणि दात घासायचा जुना ब्रश. आपल्याकडची तांबडी माती तड्यात पिठासारखी बसते. ती राहिली तर वेल्डमध्ये वाळू मिसळल्यासारखं होतं. दिवसभर वाळवा. मग तड्याच्या दोन्ही बाजूंना २-३ सेमीपर्यंत आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, प्रत्येक वेळी फडक्याची नवी बाजू घेऊन. पेट्रोल किंवा रॉकेलने पुसू नका. तेलकट थर मागे राहतो आणि पीपी ते थोडं शोषूनही घेतं. गाडीला सिलिकॉनचं पॉलिश मारत असाल तर दोनदा पुसा. आधी फेव्हिक्विक लावलं असेल तर ते पुसून जाणार नाही, कोरूनच काढावं लागेल.

६. तडा थांबवा

दिसतो त्यापेक्षा तडा नेहमी थोडा पुढे गेलेला असतो. भाग हलकेच वाकवा, टोकाला केसाएवढी पांढरी रेघ उघडेल. तिच्या टोकाच्या २ मिमी पुढे खूण करा, खाली लाकडाचा तुकडा ठेवा आणि ३ मिमीचं भोक हळू गतीने पाडा. टोकदार तड्यावर ताण एका बिंदूवर येतो, गोल भोकावर तो पसरतो. हे भोक सोडून केलेला सांधा शाबूत राहतो आणि तडा त्याच्या पुढे चालू लागतो. लोक मग वेल्डिंगला नावं ठेवतात.

७. जुळवा आणि खाच पाडा

दोन्ही कडा एका पातळीत आणून पुढच्या बाजूने ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवा. ती वितळलेलं प्लॅस्टिक पुढे सांडू देत नाही. वाकडा झालेला भाग जोर लावून क्लँप करू नका. आधी हीट गन लांबून फिरवून मऊ करा, आकारात आणा, गार होऊ द्या. जबरदस्तीने जोडलेल्या सांध्यात ताण कायम राहतो.

आता मागून, तड्याच्या रेषेवर, व्हीच्या आकाराची खाच. मडगार्डची जाडी साधारण अडीच-तीन मिमी असते, खाच तिच्या निम्म्यापेक्षा थोडी जास्त खोल करा. ब्लेडच्या टोकाने किंवा गोल बर (कोरायचं टोक) लावलेल्या छोट्या ग्राइंडरने, मंद गतीने. वेगाने फिरवलं तर प्लॅस्टिक कापलं न जाता वितळून परत तड्यावर पसरतं. खाचेच्या दोन्ही बाजूंना १० मिमीपर्यंत वरची पांढुरकी कातडी ८० नंबरने खरवडून काढा. ऊन खाल्लेलं प्लॅस्टिक नव्याशी मिसळत नाही.

८. मागच्या बाजूचं वेल्डिंग

आयर्नच्या टोकाने आधी दर दोन-अडीच सेमीवर टाके घाला. शिंपी कच्चा धावदोरा घालतो तसे. एका टोकापासून सरळ ओढत गेलात तर दुसऱ्या टोकाला कडा सरकलेल्या दिसतील.

पीपीला नोझलच्या तोंडाशी साधारण ३०० अंश हवा लागते, पीईला त्याच्या आसपास किंवा थोडी कमी, एबीएसला ३५० च्या जवळ. मूळ पीपी १६० ते १६५ अंशांना वितळतं, पण हवा वाटेत थंड होते म्हणून आकडा मोठा. गनवरचा आकडा आणि तोंडाशी खरं तापमान यात फरक असतो, त्यामुळे आकड्यापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. खाच आणि रॉडचं टोक दोन्ही एकाच वेळी ओल्यासारखी चमकली पाहिजेत. मग रॉड उभा धरून हलक्या दाबाने खाचेत बसवत जा. वेग मिनिटाला १० ते १५ सेमी. रॉडच्या दोन्ही बाजूंना वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक वळी उठली तर जोड आतपर्यंत गेलाय. नुसता रॉडच वितळला आणि खालचं कोरडं राहिलं, तर ते वर ओतलेलं मेण आहे. धूर निघाला किंवा रंग तपकिरी झाला तर प्लॅस्टिक जळलं. तेवढा भाग कोरून काढा आणि परत भरा, त्यावरून पुढे जाऊ नका.

हीट गनची सवय नसेल तर आयर्ननेच करा. २५० अंशांपासून सुरुवात, कमी-जास्त नजरेने. खाचेचा तळ वितळवा, पट्टी त्यात दाबा, दोन्ही एकत्र मळा. वेळ लागतो, पण पातळ भागाला भोक पडायचा धोका कमी. पहिल्यांदा करणाऱ्याने हाच रस्ता धरावा.

थंड करण्याची घाई नको. पाणी ओतलं की पीपी झटकन आकसतं आणि भाग केळ्यासारखा वाकतो. क्लँप तसेच ठेवून अर्धा तास सोडा.

९. जाळी कुठे आणि कुठे नाही

बोल्टच्या भोकाभोवती आणि मडगार्ड जिथे गाडीला पकडलेलं असतं त्या मुळाशी जाळी हवीच. दोन सेमी रुंदीची पट्टी तड्याच्या दोन्ही टोकांपुढे दीड सेमी जाईल एवढी कापा, कोपरे गोल करा. आयर्नने मागच्या बाजूला दाबत जा. जाळीच्या भोकांतून प्लॅस्टिक वर आलं की बसली. त्यावर त्याच प्लॅस्टिकचा मिमीभर थर चढवा. तार उघडी ठेवू नका. साध्या लोखंडी जाळीला एका पावसाळ्यात गंज धरतो आणि तो वरचं प्लॅस्टिक उचलतो, म्हणून स्टेनलेस.

मडगार्डच्या मोकळ्या, हलणाऱ्या टोकाला मात्र जाळी घालू नका. तिथला भाग वाकण्यासाठीच बनवलेला असतो. जाळीने तो कडक होतो आणि पुढचा तडा बरोबर जाळीच्या कडेने जातो. तिथे दोन्ही बाजूंनी नुसतं वेल्डिंग पुरे.

१०. पुढची बाजू

ॲल्युमिनियमची पट्टी काढा, उथळ खाच पाडा, पातळ रॉडने भरा. उंचवटा कानशीने नको, नव्या ब्लेडने तासा. पीपी घासलं की त्याला बोंडासारखी लव येते आणि घासाल तितकी ती वाढते. तासून सपाट झाल्यावर १२० पासून ८०० पर्यंत जा, शेवटचे दोन पेपर पाणी लावून. वाकल्यामुळे आलेले पांढरे डाग हीट गन लांबून फिरवल्यावर बरेच फिके होतात. पांढरट पडलेलं काळं क्लॅडिंगही असं काळं दिसतं, पण काही महिनेच. ती युक्ती आहे, दुरुस्ती नाही.

११. एबीएस असेल तर

इथे काम सोपं. त्याच प्लॅस्टिकचा चुरा काचेच्या बरणीत घ्या, बुडेल एवढं ॲसिटोन ओता, झाकण लावून रात्रभर ठेवा. मधाएवढं दाट झालं की तयार. प्लॅस्टिकच्या कपात कालवू नका, कपच विरघळेल. खाचेत एका वेळी मिमीभराचा थर द्या, तो घट्ट झाल्यावर पुढचा, आणि शेवटी २४ तास हात लावू नका. जाड थर एकदम दिला तर वर साय धरते, आत ॲसिटोन अडकतं आणि महिनाभराने तिथे खड्डा पडतो. आसपास पेटती शेगडी, ग्राइंडरची ठिणगी नको.

१२. रंग

डर्ट बाइकचं प्लॅस्टिक आतपर्यंत एकाच रंगाचं असतं, ते रंगवू नका, माती आणि बूट ते खरवडून काढतात. कारचा रंगीत बंपर असेल तर प्लॅस्टिकला चालणारी लवचीक लांबी (पुट्टी), मग प्लॅस्टिक प्रायमर, मग रंग. प्रायमर सोडला तर पीपीवरचा रंग कागदासारखा सुटतो. आणि हे काम जुलै-ऑगस्टच्या कोल्हापुरात नको. दमट हवेत रंगावर दुधाळ झाक येते.

१३. परत बसवताना

तडा बोल्टच्या भोकापासूनच का निघाला, ते आता बघा. बहुतेक मडगार्डच्या भोकात रबर बुश आणि त्याच्या आत धातूची छोटी नळी असते. बोल्ट त्या नळीवर आवळला जातो, प्लॅस्टिकवर नाही. कधीतरी उघडझाक करताना ही नळी पडते, मग ६ मिमीचा बोल्ट सरळ प्लॅस्टिक चिरडतो आणि गाडीचा थरथराट बाकीचं करतो. नळी आणि बुश नवे घाला. मूळ रचनेतच नळी नसेल तर २० मिमीचा रुंद वायसर लावा, ४ ते ५ न्यूटन-मीटरच्या वर जाऊ नका. टॉर्क रेंच नसेल तर पाना दोन बोटांत धरून, वायसर टेकल्यावर पाव फेरा.

फाटलेलं भोक भरून नवं पाडत असाल तर आधी ३ मिमी, मग ६.५. बोल्टपेक्षा अर्धा मिमी मोठं, म्हणजे प्लॅस्टिकला फुगायला-आकसायला जागा राहते. सगळे बोल्ट आधी हाताने लावा. एखाद्या भोकाशी भाग ओढून आणावा लागत असेल तर तिथे कंस (ब्रॅकेट) वाकलाय. कंस सरळ करा, प्लॅस्टिकला ओढू नका.

बोल्ट सैल होतो म्हणून थ्रेडलॉकर लावायचा मोह होतो. एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला तो लागला की केसासारखे तडे पडतात, ब्रेक ऑइलनेही तसंच होतं. त्याऐवजी नायलॉन रिंगचा नट वापरा.

पहिल्या चिखलाच्या फेरीनंतर भाग धुवा आणि सांध्याच्या टोकाचं ३ मिमीचं भोक टॉर्चने बघा. भोकाच्या पलीकडे पांढरी रेघ दिसली तर बोल्ट अजून जास्त आवळलेला आहे किंवा बुश बसलेलं नाही. वेल्ड परत करायच्या आधी ते काढून बघा.